भिंतीपलीकडची तार

गिटार दुरुस्त होईपर्यंत मी वाद्यांच्या दुकानातल्या बाकावर बसून होतो. काउंटरपाशी तार तुटलेलं व्हायोलिन घेऊन एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते आणि सोबत त्यांच्या शेजारच्या काकू.

"काकू, नवी तार तुम्ही निवडायची."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"वाजवणारा मी, पण ऐकावं तुम्हाला लागतं. माझं एवढं कुईकुई ऐकलंत, कधी भिंतीवर थाप मारली नाहीत. उपकारच आहेत तुमचे."

"एकदा मारणार होते. मग म्हटलं, जाऊ दे, शिकतोय बिचारा."

दुकानदाराने दुकानातल्या व्हायोलिनवर दोन प्रकारच्या तारा वाजवून दाखवल्या. "ही मऊ बोलते. आणि ही खणखणीत, जरा कानाला लागते."

"मऊच द्या. काकूंची सुटका."

"थांब रे. निवडायचं मी ना? अहो भाऊ, भिंतीतून कुठली जास्त ऐकू येईल?"

"खणखणीत. पण त्यात चुका लपत नाहीत."

"मग तीच द्या."

"काकू, अहो, मी अजून बेसूर वाजवतो."

"वाजव की. हे गेल्यापासून दुपार सरता सरत नाही. तुझं कुईकुई सुरू झालं की मी उठते, दिवा लावते, चहा टाकते."

"कधी बोलला नाहीत."

"बोलले असते तर लाजून बंद केलं असतंस. भाऊ, आजच बसवून द्या हो. तार तुटल्यापासून माझा चहा राहतोय."