व्याही दारात

कुणीतरी आमच्या बन्सीधरमामांच्या मांड्या पळवल्यात, भागवतकाका — आणि पळवणारी सगळी आपलीच माणसं, नाव कुणाकुणाचं घेऊ? थांबा, आत जाऊ नका, आधी इथं ओट्यावर टेका. मी सृष्टी, त्यांची भाची — तुमच्या पोराच्या लग्नात तुमच्या धोतरावर मठ्ठा सांडला ना, तीच! आठवलं? बरं. तर मामांच्या आतड्यातली गाठ तुम्हाला माहीतच आहे. परभणीच्या डॉक्टरांनी स्कॅन केला कशाला? गाठ बघायला. आणि बघत काय बसले? पाठीचा स्नायू! त्यावरून मांड्यांसकट साऱ्या अंगाची ताकद कळती म्हणे. मला दाखवला — केवढासा राहिलाय. पोट तसंच, वजन फारसं उतरलं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही — आतून माणूस झडायलाय. असा स्नायू गेला की ऑपरेशन झाल्यावर लय भारी जातं म्हणे — जखम लवकर भरत नाही, छातीत कफ धरतो, एकातून एक निघतं. म्हणून आधी ताकद आणा म्हणाले. उद्या बघणार — हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं. नाही जमलं तर तारीख पुढं. आणि गाठ काय आपल्यासाठी थांबती का?

जेवतात हो — अंडी, डाळ, दाण्याचा लाडू, नाक मुरडत का होईना. पण उठबस? 'मी काय शाळेतलं पोरगं हाय का उठाबशा काढायला' — झालं! आणि भेटायला येणारा काय करतो? दारातूनच हात वर — 'असू द्या, पडून राहा, उठू नका.' मायेनंच, पण सगळ्यांच्या मायेनं माणूस खाटेला चिकटला. हां — तुम्हीही तेच म्हणणार होतात, तोंडावर दिसायलंय!

आता ऐका. गंगाखेडापासून पालमपर्यंत मामा ज्याच्यापुढं बसून राहणार नाहीत असा एकच माणूस — लेकीचा सासरा. म्हणून तर तुम्हाला पालमहून बोलावलं — नाही, तब्येत बिघडली वगैरे काही नाही, फोनवर तसं म्हणावं लागलं. तुम्ही आत जायचं, राम राम घालायचा, ते उठतील — हात धरायचा नाही, बसा म्हणायचं नाही. ते बसले की 'गाडीला कुलूप लावलं का बघतो' म्हणून बाहेर. परत आत. वेडेपणा? असू द्या! मी काही घाबरलेली नाही — फक्त… आई-बाबा कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, तेव्हा हाच माणूस मला खांद्यावर बसवून बालवाडीत न्यायचा. काल अंघोळीला पाणी घालताना त्या खांद्याचं हाड हाताला लागलं, आणि मी — जाऊ द्या, कशाला सांगितलं मी. जा तुम्ही, टोपी नीट करा.

…उठले! या, या बाहेर. खाट धरून? धरू द्या. जा परत. …अहो, आत हसू नका ना, कळेल त्यांना! …आता हात न लावता? शप्पथ? खरंच हात न लावता? …जा जा, अजून एकदा. …घ्या, पाणी प्या, दम खा. आता शेवटचं — थांबा, चतुरामामी आली दारात. काय गं मामी, काय झालं?

"अगं सृष्टे, व्याही सारखे बाहेर जायलेत म्हंजे रुसले, म्हनायलेत तुझे मामा. समजूत काढायला निघालेत स्वतः — चपला कुठं ठिवल्यास त्यांच्या?"