टेफ्लॉनच्या दोरीचा ताईत

थायलंडमधल्या पाथुम थानीच्या बाजारात आंबवलेल्या सॉसेजच्या दुकानासमोर आज कधी नव्हे एवढी रांग होती. लमाईच्या पुढे दोघे उभे होते. सॉसेजमधले जंतू मारायला गॅमा किरणांखालून खोकी काढतात, त्या कारखान्यातले.

"थोंगदीकाका, ताईत त्या किरणांच्या खोलीत कशाला टांगलात?"

"यंत्र सारखं बंद पडत होतं ना! सासूबाईंचा, भिक्खू महाराजांची छोटी मूर्ती असलेला जागृत ताईत मागून आणला."

"आणि दोरी टेफ्लॉनची?"

"अरे वीरा, तव्यावर असतं तेच ना ते? ॲसिडला दाद देत नाही, आगीला भीत नाही. म्हटलं, जन्मभर लटकेल."

"किरणांपुढे तेच सगळ्यात नाजूक! आतून तुटत तुटत भुगा होतो त्याचा. साधं नायलॉन बांधलं असतंत तरी जास्त टिकलं असतं."

"मग तव्याचं एवढं कौतुक कशाला करतात?"

"तवा कोण किरणांत ठेवतं, काका! ताईत पडला कुठे?"

"खालून जाणाऱ्या खोक्यात. ते खोकं इथंच आलंय. हळूच मागून घेतो, कुणाला पत्ता लागणार नाही."

तेवढ्यात दुकानदारीण ओरडली, "ढकलू नका! सॉसेजमधून प्रकट झालेत महाराज! लॉटरीचा आकडा मागायचा असेल तर आधी अर्धा किलो घ्या!"

"मेलो!"

"काका, सगळ्यात पुढे हात जोडून कोण उभ्या आहेत?"

"सासूबाई."

पुढून आवाज आला, "अगदी आमच्यासारखाच आहे हो! जावयानं आमचा परत केला की आणते, शेजारी ठेवून बघू."