माळकऱ्याची बाटली

तुमी हसताल, पण त्या दिवसापासून म्या दत्तूच्या गाडीवर बसत न्हाय.

पवनचक्कीच्या कंपनीत नोकरी लागायची होती आणि त्याआधी लघवीची तपासणी होती. मला एडीएचडीची गोळी चालू हाय, मन एका जागी ठरत न्हाय म्हणून. कुणीतरी सांगितलं, त्या गोळीनं लघवीत नशा दिसते. मग म्या चुलतभावाला, दत्तूला गाठलं. दत्तू माळकरी, सुपारीलासुद्धा शिवत न्हाय. झोपच येत न्हाय म्हणायचा आणि एकटा चार माणसांचं काम उरकायचा. आमी म्हणायचो, माळेची ताकद.

दवाखान्याच्या मागं त्यानं बाटली भरून दिली, ती म्या माझी म्हणून आत दिली. बाटली भरायच्या आधी त्यानं गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली. मला वाटलं, सोवळं पाळतोय.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी आत बोलावलं. "कुठली गोळी घेता?"

म्या घाबरत गोळीची चिठ्ठी दाखवली. ती वाचून ते म्हणाले, "ही गोळी सहसा या तपासणीत येतच नाही. आली असती तरी ही चिठ्ठी बघून विचार झाला असता. पण यात अँफेटामिन दिसतंय, झोप उडवणारं, नशेसाठी घेतात ते. हे कुठून आणलंत?"

 चिठ्ठी खिशात घालून उठलो.

बाहेर दत्तू गाडीवर बसला होता. गळा मोकळा, आणि पापणी हलत न्हवती.

"काय निघालं रे?"

"काहीच न्हाय," म्या खोटंच बोललो.



"काहीच न्हाय?" दत्तू हळूच म्हणला. "आसं कसं हुईल?"