गिळलेला निरोप

घूंऽऽ — असा होता तो आवाज, बाळा. डब्यात माशी अडकावी तसा. चाळीस वर्षं झाली, पण अजून दुपारी डोळा लागला की येतो. तू शेवटच्या गाण्यातल्या त्या ओरडण्याचं विचारतोयस ना — तिथंच येतो, पण आधी ही घूं कळायला हवी.

मी त्या स्टुडिओत वायरी जोडायचो. शाळा चौथीपर्यंत. तुझे बाबा गाणारे, काका गिटारवाला, सख्खे भाऊ — आणि अख्खा अल्बम होईस्तोवर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. काका सकाळी वाजवून जायचा, बाबा दुपारी येऊन त्यावर गायचे. मधे मी. काकानं म्हणावं, त्या रेड्याला सांग, माझ्या गिटारवर रेकू नको म्हणावं. मी बाबांना काय सांगायचो? दादा, धाकटा म्हणतो, आज जरा हळू घ्या. बाबांचे निरोपही तसेच — निम्मा गिळायचा, निम्मा गोड करून द्यायचा. लोक म्हणतात, त्या अल्बमात आग आहे. असणारच की — जे बोलायचं ते दोघं तिथंच बोलत होते.

तर घूं. काकाच्या अ‍ॅम्पमधून यायची, टेपवर उतरायची. तो म्हणाला, अर्थिंगची वायर काढ — गळता करंट जमिनीत नेते ती. काढली, घूं गेली. तेव्हा सगळेच काढायचे. उद्या परत काढावी लागेल म्हणून ती पुन्हा जोडलीच नाही. जाताना तो दारात थांबला. म्हणाला, “दादाला सांग, गिटारला हात लावू नको म्हणावं.” ‘दादा’ म्हणाला तो — ‘रेडा’ नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

पण ती गिटार बाबांनीच त्याला घेऊन दिलेली. हे ऐकून त्यांनी स्टुडिओ डोक्यावर घेतला असता. गिळला मी निरोप, सवयीनं. गायला येणारा माणूस गिटारला कशाला हात लावेल?

बाबांनी त्याचं वाजवलेलं ऐकलं. परत ऐकलं. म्हणाले, “गाढवानं काय वाजवलंय रे.” आणि हसत गिटार गळ्यात घातली. बोटं तारांवर, ओठ माइकला.

ते ओरडणं म्हणजे गाणं नाही, बाळा — करंट होता तो. कंपनीनं तसंच ठेवलं, आणि लाखो लोक त्यावर नाचले.

काका? तो सांगत होता की सगळ्यांना, निरोप धाडला होता म्हणून. चौकशीला आले त्यांनी मला विचारलं — मी म्हणालो, नाही, मला काही सांगितलं नव्हतं. घरी दोन लहान लेकी होत्या माझ्या, नोकरी — हे मी सांगणार नव्हतो. तू आवाजाचं विचारलंस, म्हणून ओघात —

तुझ्या आईनं त्याला पुन्हा कधी दारात उभं केलं नाही. परवा गेला म्हणे. तू शेवटचं तोंड बघायला गेला होतास का?

नाही ना.

बस की. शिवी दे, काहीही बोल. अरे, तुझी रेकॉर्ड राहिली इथं — बाळा —

गेला. दारही लावलं नाही.