उंदरांनी घरटी केली न्हाईत तेव्हा

उंदरांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या काशिनाथमामांचं ऐका. मी बदनापूरकडं फार्मसी शिकायला होतो, तेव्हा प्रयोगाचे पांढरे उंदीर हे मामा सांभाळायचे. घनसावंगीकडचे शेतकरी, सातवीपर्यंत शिकलेले. रोज पिंजऱ्यांत कागदाच्या पट्ट्या टाकायचे आणि सकाळी उंदरांनी त्यांची घरटी केली का, ते बघायचे; घरटं केलं म्हंजे उंदीर ठीक.

एकदा कोपऱ्यातल्या सहा पिंजऱ्यांत घरटंच न्हाई. उंदीर एकमेकांना चिकटून बसलेले. आमचे सर म्हणाले, "आजारी दिसतात. प्रयोगाला चालणार नाहीत. मारून टाका, नवे मागवू."

मी मान डोलावली. मामा मात्र दारात आडवे उभे राह्यले.

"सर, खाणं बराबर खाऊन राह्यलेत. आजारी न्हाईत, भ्यालेत. दोन दिवस द्या मला."

"कशाला भ्याले?"

"तेच तर बघायचंय."

मंग मामा दिवसभर तिथंच स्टुलावर बसून राह्यले. संध्याकाळी त्यांनी त्या कोपऱ्यातली नुकतीच बसवलेली नवी ट्यूबलाइट काढली आणि आधीची जुनी लावली. बस, एवढंच. दुसऱ्या सकाळी सहाही पिंजऱ्यांत घरटी तयार!

सरांनी ती ट्यूब तपासून घेतली. माणसाला ऐकू येत न्हाई असा बारीक आवाज ती करत होती. सर चाट पडले. "मामा, तुम्हाला कसा ऐकू आला?"

"मला कुठं आला सर? ट्यूब लावली की त्यांचे कान पडायचे. त्यांना ऐकू येऊन राह्यला होता ना, मंग मला कशाला यायला पाह्यजे?"