सत्तावन्नावा मजला

फुसाए : तेच पाकीट तिसऱ्यांदा उचलून खाली ठेवलंत, बाई. दुकान दीड खोलीचं, त्यात फिरून फिरून किती फिराल? काय हवंय?

तोकिए : बघतेय नुसतं.

फुसाए : दहा-दहा येनच्या गोळ्या, त्यांत बघायचं काय? शाळेच्या पालकमंडळाकडून आलात ना? सांगून टाका सरळ. ही व्हिडिओ खेळाची मशीनं हलवा, पोरं बिघडतात. हेच ना?

तोकिए : माझी मुलगी ओसाकाला नोकरी करते. मंडळ-बिंडळ नाही. सकाळी बंदच असतात का ही?

फुसाए : शाळा सुटेपर्यंत कोण येणार खेळायला?

तोकिए : मग या कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसायला दोन उशा कशाला?

फुसाए : एक माझी, एक मांजराची.

तोकिए : मांजर पेन्सिलीला टोक काढतं वाटतं. ही सालपटं बघा. लांब, अखंड, चाकूने काढलेली. यंत्राने असं निघत नाही.

फुसाए : तुम्ही पोलिसातल्या का हो?

तोकिए : हिसानोरी कुरामोतोंची बायको. तोकिए. सत्तावीस वर्षं ही सालपटं झाडतेय मी, फुसाए-सान. पाटीवर तुमचंच नाव आहे ना?

फुसाए : माझंच. पण कुरामोतो कोण? मी नाही ओळखत.

तोकिए : गोदीत जहाजांचे आराखडे काढतात. रोज सव्वासातला टाय लावून, डबा घेऊन निघतात. आणि संध्याकाळी डब्याच्या फडक्याला सोयाबीनचं गोड पीठ लागलेलं असतं. गोदीत कुठून आलं हे पीठ? तुमच्या बरणीतल्या गोड काड्यांना लावलंय तेच आहे की.

फुसाए : गावात अशा बरण्या छप्पन्न आहेत.

तोकिए : बरं. मग हा कागद वाचा. कोटाच्या आतल्या खिशात सापडला. चौकटींचा कागद, खोल्याच खोल्या, दारं तुटक रेघांची. अक्षर त्यांचं. ‘डावीकडे किल्ली.’ ‘दार आहे, पण दिसत नाही.’ ‘इथे ती झोपलेली असते, मागून जायचं.’ कोण ती?

फुसाए : मला काय विचारता?

तोकिए : कारण खाली लिहिलंय, ‘फु. म्हणते, इथे भिंत नाही.’

फुसाए : फुने असेल कुणी. फुमी असेल. ‘फु’चा काय दुष्काळ आहे?

तोकिए : वर लिहिलंय सत्तावन्नावा मजला. या गावात चार मजल्यांच्या वर घर नाही. मी मनाशी म्हटलं, हिरोशिमातलं हॉटेल असेल. गाडीने जातही असतील. मोजत बसले मी, सत्तावन्न मजले कुठे आहेत ते.

फुसाए : अगं बाई.

तोकिए : हसू नका.

फुसाए : हसत नाही. खोकला आहे. जवाचा चहा देऊ?

तोकिए : नको. आणखी एक. हे कधी गात नाहीत. लग्नातसुद्धा तोंड मिटून उभे होते. आणि आता आंघोळीला बसले की गुणगुणतात. ‘पहिलं पाऊल उंबऱ्याशी, दुसरं पाऊल अंगणाशी...’ पुढचं त्यांना येत नाही. तिथेच अडतात.

फुसाए : ‘तिसरं पाऊल कुणापाशी? भिंत म्हणते, माझ्यापाशी.’

तोकिए : हं. आता कुरामोतो कोण ते आठवलं असेल.

फुसाए : आईचं गाणं आहे ते, चेंडू उडवायचं. पावलं मोजायला म्हणते मी. बसा. अहो, बसा तर! मांजराच्या उशीवर बसा. आता हे मशीन चालू करते, काल थांबले त्याच मजल्यापासून. बघा. हा शिपाई दिसतो?

तोकिए : अंधार दिसतो. मधे एक ठिपका.

फुसाए : तोच शिपाई. साठ मजल्यांचा मनोरा चढायचा याला. खालच्या मजल्यांवर भिंती दिसतात. पन्नासच्या वर दिसत नाहीत. धडकलं की कळतं, इथे भिंत होती. तीनदा धडकलात की मेलात, परत तो मजला पहिल्यापासून. म्हणून मी चालते आणि हाका मारते, दोन घरं डावीकडे, भिंत, आणि कुरामोतो-सान कागदावर काढतात. झोपलेली ‘ती’ म्हणजे एक राक्षसीण आहे. बरीच जाड आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तोकिए : मला वेड्यात काढताय. ज्यांनी तीनशे हात लांबीची जहाजं काढली, ते पोरांच्या खेळाचे नकाशे काढतील?

फुसाए : मशीनला सुतळीने वही बांधलीय, ती बघा. जो खेळतो तो आपल्याला कळलेलं मागच्यासाठी लिहून ठेवतो. खरं नाव कोणी घालत नाही. हा ‘बेडूक’, ही ‘मुळा’, शाळेतली पोरं. आता पुढची पानं उलटा.

तोकिए : ...हे त्यांनीच काढलंय. कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे.

फुसाए : मनोऱ्यात कुठली आली उत्तर? मीही म्हटलं. तर म्हणाले, बाण नसला तर माणसाला कागद हातात कसा धरायचा ते कळत नाही.

तोकिए : खाली सही नाही. आकडा आहे. तीनशे अठरा.

फुसाए : ते त्यांचं टोपणनाव. आवडता आकडा असेल.

तोकिए : फुसाए-सान, हा जहाजाचा नंबर आहे. दोन वर्षं जेवताना हे जहाज ऐकलंय मी. मालवाहू, लाल पोटाचं. मार्चमध्ये रद्द झालं. त्या दिवशी म्हणाले, दुसरं येईल. मी विचारलंच नाही पुढे, की मग आता कुठलं काढताय.

फुसाए : मी काही बोलले नाही हं. तुम्हीच वाचलंत.

तोकिए : कधीपासून गोदीत जात नाहीत?

फुसाए : एप्रिल. ड्रॉइंगवाल्यांना एकाच दिवशी नारळ दिला.

तोकिए : आणि आता झाडावर पर्सिमनची फळं पिकलीत, सहा महिने झाले. मग दर महिन्याला माझ्या हातात काय ठेवतात?

फुसाए : निवृत्तीचे मिळालेले पैसेच असतील. ते मी विचारलं नाही.

तोकिए : तुम्हाला सांगितलं. मला नाही.

फुसाए : मलाही त्यांनी कुठे सांगितलं? गोदीवाल्यांकडून कळलं. धक्क्यावर बसले होते. समोरच्या बेटाची बोट आली, गेली. चार बोटी गेल्या, माणूस हलेना. मला वाटलं, हा पाण्यात उडी मारतो की काय. हाक मारली, म्हटलं, साहेब, मला जरा भिंती मोजून द्याल का? दुसरं काही सुचेना. तेव्हापासून येतात. सव्वादहाला. त्याआधी कुठे असतात, मी विचारत नाही.

तोकिए : डबा खातात?

फुसाए : सगळा. पण आधी नाही. बाराला गोदीचा भोंगा होतो ना, तो होईपर्यंत थांबतात. मग हात धुऊन उघडतात.

तोकिए : भोंगा होईपर्यंत.

फुसाए : मी म्हटलं एकदा, भूक लागली तर खा की. नुसते हसले.

तोकिए : आणि मी त्यात खारवलेलं आलूबुखार कमी घातलं, परवा. रागाने. हॉटेलच्या रागाने.

फुसाए : खाल्लं त्यांनी. काही बोलले नाहीत. बाई, ऐका. दहा वाजून गेलेत. मागच्या दाराने निघा. तुम्ही दिसलात तर उद्यापासून इकडे फिरकायचे नाहीत, आणि मग परत तो धक्का. माझी शपथ, मी तुमचं नाव काढणार नाही.

तोकिए : म्हणजे उद्याही टाय बांधून देऊ, आणि ‘लवकर या’ म्हणू?

फुसाए : दोन दिवस. शनिवारी मशीनचा मालक हे उचलून नेणार आहे. नवीन बसवतोय, मोटारींचं.

तोकिए : आणि सोमवारी?

फुसाए : तेच तर. सोमवारचं मला काही दिसत नाही. मी आपली भराभर चढतेय, साठावा तरी गाठू म्हणून. या सत्तावन्नवर आठवडा गेला. हा उजवा कोपरा कोराच राहिलाय, कागदावर बघा. तिथे गेलं की मी मरते.

तोकिए : ही दांडी कशी धरायची?

फुसाए : तुम्ही?

तोकिए : कशी धरायची ते सांगा.

फुसाए : हलक्या हाताने. पीठ मळल्यासारखी नको. हां. एकेक घर. धडकलं तर घाबरायचं नाही. आणि गाणं म्हणा मनात... बाई, सायकल वाजली. आले ते. जा म्हणते ना!

तोकिए : पहिलं पाऊल उंबऱ्याशी...

हिसानोरी : फुसाए-सान, माझा सत्तावन्नचा कागद सापडत नाहीये. कोटाच्या खिशातच... अरे, आज गिऱ्हाईक आहे का?

फुसाए : मी मांजराला बघून येते.

(सरकत्या दाराचा आवाज. मशीनची बारीक पिपाणी.)

हिसानोरी : ...तोकिए?

तोकिए : कागद तिथे उशीवर आहे. दोन घरं उजवीकडे, वाट मोकळी. तिसऱ्याला भिंत. लिहून घ्या.

हिसानोरी : तोकिए, मी तुला...

तोकिए : इथे मान वळवली तर मरेन मी. लिहा आधी.

हिसानोरी : लिहितो. दोन घरं... मोकळी. तिसऱ्याला...

तोकिए : भिंत. झालं?

हिसानोरी : पेन्सिलीचं टोक मोडलं.

तोकिए : काढा. थांबते मी.