केसरच्या जागचे धोंडे

सदुसष्ट साली आगरदांड्याच्या धक्क्यावर केसर कोळीण खाडीपलीकडे दिघीला जायला आली, की अनंता तांडेल आपल्या शिडाच्या होडीतले, ती कलंडू नये म्हणून ठेवलेले, भाराचे दोन मोठे धोंडे उतरवून ठेवी. होडीला तिचा एकटीचा भार पुरे होई. त्या दिवशी त्याचे हात धोंड्यांवर होते आणि कान मागं. केसरची जाऊ वेणूबाई पाटी टेकवून विचारत होती.

"काय म्हनला मुंबईचा डाक्टर?"

"वजन उतरवायला दोन वाटा हायत म्हनला. पोट ल्हान करायचं, न्हायतर आतडं आखूड."

"आखूड म्हंजे कापून टाकतात?"

"टाकत न्हाय. आतच ठेवतात, बाजूला. अन्नाचा रस्ता तेवढा जवळचा करतात."

"आपन सुरमय साफ करताना समदं बाहेर काढतो."

"सुरमय मेलेली असते, वेणू. डाक्टरला मी तेच सांगितलं."

"मग?"

"मग त्यानं कागदावर माझा अंगठा घेतला."

"आनी न्हाय केलं तर?"

"काळीज वरीसभरच ओढंल म्हनला."

"त्यानं आधी कुनावर केलंय?"

"न्हाय. माझ्यापासून सुरुवात."

"कधी?"

"येत्या सोमवारी."

केसर होडीत मधोमध बसली. अनंता दोर सोडू लागला.

"अनंता, ते धोंडे लांब टाकू नको."

"का गं, वयनी?"

"सोमवारपासून लागतील. मी बारीक होऊन आले तरी लागतील, न्हाय आले तरी लागतील."